न विचारलेली जागा

आई जाऊन वर्ष व्हायला आलं होतं आणि बाबांनी एकच टुमणं लावलं होतं: नारळ द्यायचाय. कुणाला द्यायचा, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा माणूस आयुष्यभर युनियनचा झेंडा खांद्यावर घेऊन फिरलेला. सत्यनारायणाला गेला तर 'शिरा बरा झालाय' एवढीच भक्ती. आणि आता रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन मला विचारणार, "बाय, आपल्या या जागेचा जागेवाला कोण असेल गं?"

जागेवाला म्हणजे जमिनीचा राखणदार. आमच्या रत्नागिरीकडे प्रत्येक जागेला तो असतोच. घर बांधा, विहीर खणा, नुसता गोठा इकडचा तिकडे करा, आधी त्याला नारळ देऊन विचारायचं. आम्ही येतोय, सांभाळून घे, एवढंच. भाईंदर पूर्वेला खाडीकडच्या भरावावर आमची बिल्डिंग उभी राहिली तेव्हा आईने बाबांच्या मागे हाच धोशा लावला होता. बाबा हसले. "बिल्डरला विचारलंय, सोसायटीला विचारलंय, आता अजून कुणाला विचारू?" हे वाक्य त्यांनी चहाला आलेल्या शेजाऱ्यांनाही ऐकवलं आणि शेजारीही हसले. मी पण हसले. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि बाबांच्या प्रत्येक विनोदाला हसायचे.

आठ महिन्यांनी माझा धाकटा भाऊ गेला. सात वर्षांचा होता. तीन दिवस ताप आला, चौथ्या दिवशी तो ताप डोक्यात गेला, आणि संपलं.

आईने बाबांना कधी दोष दिला नाही, निदान तोंडाने नाही. पण त्यानंतर ती रोज तिन्हीसांजेला खिडकीच्या कट्ट्यावर दहीभाताची एक मूद ठेवायला लागली. आम्हाला कळायचं, ती जागेवाल्यासाठी आहे. बाबा पेपर वर धरायचे आणि बघितलं न बघितल्यासारखं करायचे. अशी चाळीस वर्षं गेली. जुनी बिल्डिंग पडून तिथेच नवी उभी राहिली, तळमजल्यावरून आम्ही सातव्या मजल्यावर गेलो, तरी मूद चुकली नाही. कावळे सातव्या मजल्यावरही यायला शिकले. आई गेल्यावर मला वाटलं, चला, आता कट्टा तरी स्वच्छ राहील. पंधराव्या दिवशी ऑफिसातून घरी आले तर कट्ट्यावर मूद. बाबांनी ठेवली होती. भात कच्चा होता आणि दही जास्त झालं होतं.

मला राग आला. मी चिडकी आहे हे माझ्याबद्दल कुणीही सांगेल. "बाबा, तुम्ही पण?" मी म्हटलं. ते म्हणाले, "तिची सवय होती. मोडवत नाही."

त्या घरात अजून एक गोष्ट होती, आणि ती फक्त मला ठाऊक होती. कधीकधी संध्याकाळी घरात चिखलाचा वास येतो. गटाराचा नाही. खाजणाचा, म्हणजे खाडीच्या भरतीचं खारं पाणी जिथे येऊन थांबतं त्या दलदलीचा, कुजका आणि खारट. खाडी जवळ आहे, वारा असतो, वास येणारच, असं कुणीही म्हणेल. पण तो खिडक्या बंद असताना येतो, एसी चालू असताना येतो. आमच्या जेसल पार्कात इतकी माणसं राहतात, कुणाला यावरून तक्रार करताना मी ऐकलेलं नाही. तो वास आला की मी उठून दाराशी ठेवलेल्या चपला बघते. त्या कोरड्या असतात.

कारण भावाला ताप यायच्या आदल्या रविवारी मीच त्याला मिठागराच्या बांधावरून खाजणात नेलं होतं. तिकडे जायचं नाही अशी सक्त ताकीद होती. त्याला निवट्या बघायच्या होत्या. निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारत पळणारा तो छोटा मासा. मी त्याला म्हटलं, तुला धरून दाखवते. तो माझ्यामागून उतरला आणि कमरेपर्यंत आत गेला. ओढून काढेपर्यंत त्याच्या नाकातोंडात ते पाणी गेलं होतं. आम्ही नळावर कपडे धुतले, उन्हात वाळवले, आणि मी त्याला शप्पथ घातली की आईला सांगायचं नाही. त्याने शप्पथ पाळली. ताप चढलेला असतानाही पाळली.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. डॉक्टरांनी आईला विचारलं होतं, पोरगा कुठे घाण पाण्यात खेळला होता का. आई म्हणाली, नाही हो. मी दाराआड उभी होते.

म्हणून बाबांनी नारळाचं काढलं की मी उठून स्वयंपाकघरात जायचे. ते स्वतःवर घेत होते तो दोष माझा होता. रोज ठरवायचे, आज सांगते. मग चहा व्हायचा, पेपर यायचा आणि ऑफिसची वेळ व्हायची.

आमच्या गल्लीत जवळच्या मोरवा गावची एक मावशी बोंबील घेऊन येते. बाबांनी एक दिवस तिलाच गाठलं. तिचं गाव जुनं, तिला माहीत असणार. "मावशी, आमच्या बिल्डिंगच्या जागेचा देव कोण?"

"तिथं मिठागर हुतं," ती बोंबील निवडता निवडता म्हणाली. "मिठाच्या जागेला कसला देव? मिठात काय रुजत न्हाय. देव बी न्हाय रुजत."

"पण तुमचा गावदेव तर आहे ना?"

"आमचा देव आमचा हाय. तुमच्या बिल्डिंगचा न्हाय."

बाबांचा चेहरा इतका उतरला की तिलाच दया आली असावी. टोपली डोक्यावर चढवताना ती म्हणाली, "घोडबंदरकडं डोंगराखाली ती झाडांची बाग केलीय ना, तिथं जुनी दगडं हायत उभी केलेली. कुठल्या कुठल्या शेतांतनं, तळ्यांतनं निघालेली. त्यांना कोण न्हाय. त्यांना द्या नारळ. उपाशी असतील बिचारी."

झालं. पुढच्या मंगळवारी मी रजा टाकली आणि आम्ही रिक्षाने निघालो. बाबांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. नारळ मांडीवर, त्याची शेंडी पुढे. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं आणि विचारलं, "मंदिर जाना है क्या, काका?" बाबा म्हणाले, "नहीं, बगीचा." त्याने आरसा सरळ केला.

मी मात्र आत ठरवून चालले होते. बागेत गर्दी नसेल, बाकावर बसू, आणि ते नारळ फोडायच्या आत मी सांगून टाकीन. बाबा, तो माझ्यामुळे गेला. एवढेच चार शब्द. पुढचं पुढे.

गेटवर वॉचमन होता. त्याने नारळ पाहिला आणि मान हलवली. "अंकल, नारियल अंदर अलाउड नहीं है. पूजापाठ, फोडना, सब मना है."

"फोडने का नहीं है," बाबा म्हणाले. "इसमें पानी है. पानी तो अलाउड है ना?"

वॉचमन हसला, पण बधला नाही. नारळ त्याने आपल्या केबिनमध्ये रजिस्टरशेजारी उभा करून ठेवला, जाताना घेऊन जा म्हणाला. मला हायसं वाटलं. नारळ नाही तर नैवेद्य नाही, म्हणजे प्रकरण मिटलं. बाबा मात्र हुज्जत न घालता पुढे चालू लागले. युनियनवाल्या माणसाने इतक्या सहज माघार घ्यावी हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

बागेत माणसं नव्हतीच म्हणा. एक माळी पाइपने पाणी घालत होता आणि कॉलेजातली दोघं कुठल्यातरी झुडपामागे हसत होती. प्रत्येक झाडाला पाटी. बाबा एकूण एक पाटी मोठ्याने वाचत होते, आणि लॅटिन नावावर अडखळले की रागाने पाटीकडे बघत होते. "आईन. हा काय वाचायचा? हा मी न वाचता सांगतो. हा किंजळ. हा काजरा, याच्या बियांना हात लावू नको." गावाकडच्या रानातली सगळी झाडं इथे एकेक करून आणून ओळीत उभी केलेली होती आणि प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पाटी होती. मला ते बघून उगाच गलबललं.

पुढे सुरंगी फुलली होती. वास आधी आला आणि झाड मागून दिसलं. बाबा थांबले. आई माघ-फाल्गुनात गावाहून सुरंगीचे वळेसर मागवायची. पुडक्यात येईपर्यंत ते निम्मे सुकलेले असायचे, तरी माळायची. बाबा फांदीखाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मग म्हणाले, "ती शेवटी शेवटी मला हाक मारायची ना, तेव्हा तिला पाणी नको असायचं. ती विचारायची, दिला का? मी म्हणायचो, काय दिला? ती म्हणायची, नारळ हो." हे मला माहीत नव्हतं. त्या खोलीत मीही झोपायचे.

सुरंगीच्या पलीकडे एक जुनं तळं होतं, दगडी पायऱ्यांचं. पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झालेल्या. पाटीवर लिहिलं होतं की हे फार जुन्या काळातलं आहे, बागेच्या आधी इथे वस्ती असावी. पाणी हिरवं, स्थिर. बाबा काठावर गेले आणि वाकून बघू लागले. "बाय, इकडे ये. कासव आहे."

"नको," मी म्हटलं.

"अगं, दिसतंय वरून. ये तरी."

"नको म्हटलं ना!" मी इतक्या जोरात ओरडले की माळ्याने पाइप वळवून पाहिलं. मी चाळीस वर्षांत कुठल्या तळ्याच्या, डबक्याच्या काठाला उभी राहिलेली नाही. लोकांना वाटतं, मला पोहता येत नाही म्हणून. ते पाणी हललं तर खालून काय वर येईल, हे मी मनातल्या मनात कितीदा पाहिलंय याला गणती नाही. त्याचा शाळेचा शर्ट असतो अंगात. तो हसत असतो. निवटी धरलीस का, विचारतो.

मी बाकावर बसले. बाबा येऊन शेजारी बसले. आता, म्हटलं. आता नाही तर कधीच नाही. "बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय. जुनं आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गुडघ्यांवर हात दाबून ते उठले. "आधी दगड बघू," म्हणाले. "मग सांग."

दगड बागेच्या अगदी टोकाला, डोंगराच्या सावलीत होते. सहा-सात असतील, ओळीत रोवलेले. पहिले काही लढाईत मेलेल्यांचे: खाली पडलेला माणूस, वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या बायका. एक सतीचा होता. त्यावर बाई नव्हतीच, नुसता कोपरातून वर उचललेला हात, बांगड्यांसकट. मी त्या हातासमोर थांबले नाही. डोंगराकडून गार वारा येत होता आणि त्यात मला तो वास आला. खाजणाचा. खाडी तिथून लांब नाही, हे मला माहीत आहे.

शेवटचा दगड आमच्या छातीइतका उंच. वर चंद्र आणि सूर्य कोरलेले, मधे झिजून गेलेली अक्षरं, आणि खाली एक गाढव आणि एक बाई. त्यांचं काय चाललंय ते इथे लिहीत नाही. वडिलांच्या शेजारी उभं राहून बघायची ती गोष्ट नव्हे. आम्ही दोघंही शहाण्यासारखे चंद्र-सूर्याकडे बघत राहिलो. कुणीतरी त्या चंद्र-सूर्यांना शेंदूर फासला होता आणि वर सुकलेलं झेंडूचं फूल ठेवलं होतं.

मी पाटी वाचली. राजाने जमीन दान दिली की असा दगड रोवत. चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान राहील, आणि जो कुणी मोडेल, जमीन बळकावेल, त्याच्या घराला हा शाप. म्हणजे आमच्यासारखंच कुणीतरी जागेवाला शोधत इथे आलं होतं, आणि शापालाच देव समजून हात जोडून गेलं होतं. मला हसू फुटलं. भीतीने फुटतं तसलं हसू.

"बाबा, चला. हा देव नाही, शाप आहे."

"वाचलं मी," ते म्हणाले. "बरं झालं. देवासमोर मला कधी बोलता आलं नाही. शापासमोर येईल."

आणि त्यांनी चपला काढल्या.

"नारळ नाहीये बाबा."

"नसू दे. बोललेलं पोचतं. तू फक्त मागे उभी राहा." मग जरा संकोचून म्हणाले, "गाऱ्हाणं एकट्याने होत नाही."

ते खरं आहे. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर घराचं म्हणणं मांडणं. एकजण बोलतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर मागे उभे असलेले सगळे म्हणतात, 'व्हय म्हाराजा'. तेव्हा ते वाक्य मान्य होतं, घराचं होतं. मागून कुणी बोललंच नाही तर ते तसंच लोंबकळत राहतं, असं गावी मानतात. लहानपणी देवळात मी भावाला चिमटे काढत हे ओरडलेय. बाबा तेव्हा देवळाच्या बाहेर विडी ओढत उभे असायचे. त्यांना गाऱ्हाणं पाठ असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्यांनी हात जोडले, आणि जो आवाज निघाला तो त्यांचा नव्हता. सभेतला नव्हता, घरातला नव्हता. गावातला होता, त्यांच्या बापाचा असावा.

"बा देवा म्हाराजा, आज ही लेकरं तुज्या पायाशी उबी हायत."

"व्हय म्हाराजा," मी पुटपुटले.

"चाळीस वर्सांमागं आमी हितं आलो. तुज्या मातीवर घर केलं. तुला इचारलं न्हाय."

"व्हय म्हाराजा."

"घरधनीण सांगत व्हती. ह्यो बापय मानूस हसला. चारचौघांत हसला."

"व्हय म्हाराजा." माझा आवाज वाढला होता. लय लागते त्याला, शब्द आपोआप येतात.

बाबा थांबले. श्वास घेतला.

"मग पोरगा खाजणात गेला, म्हाराजा. त्याला भैनीनं नेला."

माझं 'व्हय म्हाराजा' चुकलं. त्यांनी वाटही पाहिली नाही. गाऱ्हाण्यात काही लपवायचं नसतं, म्हणून ते सगळं सांगत गेले. "तिच्या चपलेला चिकल व्हता. त्या चपला म्या रातीच धुतल्या. तिच्या आयशीला दिसू दिल्या न्हाईत. डाक्टरनं इचारलं तवा म्या गप ऱ्हायलो. आजवर कुनाला सांगितलं न्हाय. तिला सुदा न्हाय."

त्यांच्या शर्टाची पाठ घामाने चिकटली होती. मान पुढे झुकलेली, मानेवरचे केस न्हाव्याने वाकडे कापलेले. मी ते केस बघत होते.

"तर म्हाराजा," ते सावकाश म्हणाले, "पोरगा तिनं नेला म्हनून गेला न्हाय. बापसानं तुला इचारलं न्हाय, म्हनून गेला. चंद्र-सूर्य हायत तवर ह्यो दोष बापसाचा. पोरीचा न्हाय."

आणि ते वाट बघत उभे राहिले. मागे वळले नाहीत.

हा माणूस जागेवाला मानत नाही, कधीच मानत नव्हता. नारळ न दिल्याने पोर मरत नाही, खाजणाचं पाणी पोटात गेल्याने मरतं, हे माझ्याइतकंच त्यांना माहीत होतं. चाळीस वर्षं माहीत होतं. आणि दोष बाबांचा, हे आईने जे कधी तोंडाने म्हटलं नाही, ते माझ्याकडून म्हणवून घ्यायला त्यांनी मला इथवर आणलं होतं. माझं ओझं स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी. मला 'नाही' म्हणता आलं असतं. गाऱ्हाण्यात तशी रीत नाही, पण मला कुणी धरून ठेवलं नव्हतं. बाबा, असं नाही, एवढं म्हणून मी त्यांना वळवू शकले असते. तोंडावर आलेलं ते वाक्य होतं, सकाळपासून घोकलेलं.

वारा पडला होता. वास गेला होता.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले. पुटपुटले नाही, मोठ्याने म्हणाले. आणि म्हणताना मला किती बरं वाटलं, ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.